लग्नाचा डीजे ठरवण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न झाले की गोव्यातील सभागृहांच्या तारखा भरू लागतात आणि दरवर्षीचा वाद नव्याने सुरू होतो. रात्री दहाला पोलीस आले, संगीत बंद पडले, पाहुणे हिरमुसले, तक्रार कोणी केली यावरून शेजाऱ्यांशी अबोला धरला गेला. दोष कधी पोलिसांवर, कधी शेजाऱ्यांवर आणि उरलेला डीजेवर. आम्ही साऊंडच्या धंद्यातली माणसे. आमच्या मते ही गडबड त्या रात्री होतच नाही. ती तीन-चार महिने आधी, बयाणा देताना झालेली असते. आचाऱ्याच्या हातचे जेवून बघितल्याशिवाय त्याला न ठरवणारे घर डीजेला मात्र ‘किती घेणार आणि किती बॉक्स लावणार’ या दोन प्रश्नांवर ठरवून टाकते.

विचारायला हवे ते आधी घड्याळाबद्दल. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. त्यांच्या हिशेबाने रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही आणि दिवसाही लेखी परवानगी लागते. बारापर्यंतची सवलत आहे, पण ती सरकारने जाहीर केलेल्या सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांच्या दिवसांपुरती, वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस. घरचे कार्य आहे म्हणून ती कोणाला मिळत नाही. बंदिस्त सभागृहाला दहानंतर मुभा असते, आणि बहुतेक यजमान फसतात ते इथेच. तीन बाजूंनी पडदे सोडलेला मांडव बंदिस्त नव्हे. काचेच्या दारांचा हॉल दारे लावलेली असेपर्यंतच बंदिस्त. उकडते म्हणून कोणीतरी लॉनकडची दोन दारे सताड उघडतो आणि तिथेच सगळी मुभा संपते.

शिवाय हॉल बंदिस्त असला तरी मर्यादा सुटत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी आहे. खासगी जागेतला आवाज हद्दीवर मोजला तर यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त भरता कामा नये. म्हणजे रात्री कुंपणापाशी ५०. दोन माणसे समोरासमोर बसून साधे बोलतात तो आवाज ६०च्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. इस्पितळ, शाळा किंवा न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेले असतील तर तिथे दिवसाही ५०च.

हे सगळे ठाऊक असूनही निमंत्रणपत्रिकेवर ‘सायंकाळी ७ पासून’ असे छापले जाते. पाहुणे आठला येतात, नवरा-नवरी साडेआठला स्टेजवर चढतात, आहेर आणि फोटोंची रांग साडेनऊपर्यंत हलत नाही. नाचायला उरतात वीस-पंचवीस मिनिटे. मग दहा वाजता ‘आणखी एकच गाणे’ म्हणून डीजेची मनधरणी सुरू होते. डीजे ठरवतानाच त्याच्यासोबत बसून शेवटाकडून उलटे वेळापत्रक मांडा. शेवटचे गाणे ९.५५ ला, नाच ८.१५ ला, नवरा-नवरीचा प्रवेश ७.३० ला, पत्रिकेवर ६.३०. आहेराची रांग नाचाच्या आधी अर्धी उरका, उरलेली जेवणाच्या वेळी. ज्या डीजेला हे वेळापत्रक मांडण्यात रस नाही आणि जो ‘बघूया, पोलिसांचे मी सांभाळतो’ म्हणतो, त्याला आम्ही तरी ठरवणार नाही. हॉल सील होतो, सामान जप्त होते, तेव्हा सांभाळणारा फोन उचलत नाही.

किनाऱ्यावर लग्न करणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट पाहावी. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे कासवांच्या अंडी घालण्याचे किनारे आहेत. तिथे आवाज आणि झगमगाट दोन्हींवर बंधने येतात. पाळोळ्याला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या सुरू झाल्या त्या दहाच्या याच नियमामुळे. हेडफोनांचा पर्याय लग्नालाही चालतो. दहानंतर पन्नास-साठ तरुण मंडळींसाठी वायरलेस हेडफोन भाड्याने आणायचे, दोन-तीन चॅनलवर वेगवेगळी गाणी सोडायची. मात्र हेडफोन पाहुण्यांच्या संख्येइतके न मागवता नाचणाऱ्यांच्या संख्येइतकेच मागवा, आणि परत घेताना मोजणारा माणूस दारावर ठेवा.

आता माणसाबद्दल. इन्स्टाग्रामवरची रील बघून डीजे ठरवू नये, कारण रीलवरचा आवाज बहुधा मूळ गाण्याचा असतो, त्या हॉलमधला नसतो. आपल्यासारख्याच समारंभातला, न कापलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ मागा. त्यात गाण्यापेक्षा माणसांकडे बघा. एक गाणे संपून दुसरे येताना नाचाच्या जागेवरची माणसे पांगतात की थांबतात? साठीची बाई आणि सोळाची मुलगी एकाच चौकटीत दिसतात का? चांगला डीजे तुमच्या आधी स्वतःच प्रश्न विचारू लागतो. मुहूर्त किती वाजताचा, हॉल कोणता, पाहुणे किती, त्यात वयस्कर किती, मुंबई-पुण्याहून किती येणार, सासरकडचे कोकणी, मराठी, हिंदी की इंग्रजी गाण्यांचे, घरात कोणी आजारी आहे का. नुसता दर सांगून गप्प बसणाऱ्याकडून पुढे फार अपेक्षा ठेवू नये.

आणि स्पष्ट विचारा, ‘तुम्ही स्वतः येणार का?’ दाट मुहूर्ताच्या दिवशी एकाच नावावर चार-पाच ऑर्डरी घेतल्या जातात आणि वाजवायला मदतनीस पाठवला जातो. मदतनीस वाईटच असतो असे नाही, पण ज्याच्याशी तुम्ही गाण्यांची यादी केली तो तो नव्हे. वाजवणाऱ्याचे नाव पावतीवर लिहून घ्या.

लग्नाच्या सकाळी डीजेचे खरे काम गाणी वाजवण्याचे नसते, माईकचे असते, आणि हीच बाजू सर्वांत दुर्लक्षित राहते. मंगलाष्टके म्हणणाऱ्या भटजींच्या उपरण्याला कॉलर माईक लावला की तो उपरण्याची खसखस, अक्षतांचा पाऊस आणि शेजारच्या मावशींचे बोलणे सगळे उचलतो. स्टँडवरचा साधा हातातला माईक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला तर शब्द स्वच्छ येतात. माईक नेहमी स्पीकरच्या मागे हवा. माईक स्पीकरच्या तोंडासमोर आला की सीटी वाजणारच. सीटीचे आणखी एक कारण कोणी सांगत नाही. भाषण करणारा माणूस जोशात येऊन माईकची जाळी मुठीत धरतो. माईक समोरचेच ऐकावे म्हणून त्याच्या जाळीमागे हवेच्या वाटा ठेवलेल्या असतात. मुठीने त्या बुजल्या की तो चारी बाजूंनी ऐकू लागतो, स्पीकरचा आवाज परत आत शिरतो आणि किंचाळतो. अशा वेळी डीजेने आवाज कमी करण्याआधी पुढे होऊन त्या गृहस्थांचा हात दांडीवर खाली सरकवावा.

डीजेची जागा अशी हवी की अंतरपाट त्याला डोळ्यांनी दिसेल. शेवटचे ‘सावधान’ झाले, अंतरपाट खाली आला आणि सनई-चौघडा सुरू झाला, यात दोन सेकंदांचा उशीरही खटकतो. खांबाआड बसवलेला डीजे कोणाच्या तरी इशाऱ्यावर अवलंबून राहतो आणि इशारा करणारा स्वतः अक्षता टाकण्यात गुंतलेला असतो. घरी खरे वाजंत्री बोलावले असतील तर डीजेने त्या वेळी हात बांधून बसावे, लहान हॉलमध्ये सनईला माईकही लागत नाही. जाता जाता एक सांगतो, अक्षतांचे तांदूळ मिक्सरच्या, म्हणजे आवाज जुळवायच्या यंत्राच्या, खाचांत शिरले तर बटणे अडकतात. मुहूर्ताच्या वेळी मिक्सरवर कापड टाकणारा डीजे दिसला तर समजा, त्याने बरीच लग्ने पाहिली आहेत.

म्हार्दोळ, मंगेशी, कवळे, रामनाथी अशा देवस्थानांच्या आवारात कार्य असेल तर डीजेला बयाणा देण्याआधी देवस्थान समितीचे नियम विचारा. आरती आणि पालखीच्या वेळी स्पीकर बंद ठेवायचे असतात आणि काही ठिकाणी नाचाचे संगीत चालतच नाही.

बॉक्सच्या संख्येकडे वळू. दीडशे-दोनशे माणसांच्या बंद हॉलला १५ इंची दोन टॉप (मुख्य स्पीकर) आणि १८ इंची एक-दोन सब (फक्त बेसचे स्पीकर) पुरतात. उघड्यावर चारशे-पाचशे माणसे असतील तर चार टॉप, चार सब. त्याहून जास्त मागणाऱ्याला कारण विचारा. ‘दहा हजार वॉट’ हा आकडा बहुधा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो. सतत किती पेलतो तो आरएमएस आकडा मागा, तो अर्धा किंवा त्याहून कमी निघतो. आमच्या हॉलांत फरशी संगमरवरी, भिंती सिमेंटच्या, छत उंच. तिथे दोन मोठे बॉक्स जोरात वाजवले तर पुढच्या रांगेचे कान फुटतात आणि मागे शब्द कळत नाही. त्यापेक्षा पुढचा आवाज उतरवून हॉलच्या मध्यावर दोन लहान स्पीकर लावावेत. ते पुढच्यांपासून वीस मीटरवर असतील तर त्यांचा आवाज सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा सोडावा लागतो, कारण आवाजाला एक मीटर कापायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. हे न केल्यास मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. ‘मागचे स्पीकर डिले करणार ना?’ एवढे विचारले की समोरचा किती पाण्यात आहे ते कळते.

सब स्टेजच्या दोन टोकांना ठेवायची पद्धत दिसायला छान, पण त्यामुळे मध्यभागी बेस फुगतो आणि दोन्ही बाजूंना काही पट्टे कोरडे राहतात. दोन्ही सब एकत्र ठेवले तर बेस सगळीकडे सारखा पोचतो आणि कमी आवाजात भागते. शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरतात त्या याच बेसने. डेसिबल मोजण्याची नेहमीची पद्धत बेसला कमी लेखते, म्हणून मीटर ‘ठीक’ म्हणतो आणि पलीकडच्या घरातली म्हातारी झोपू शकत नाही. सबखाली जाड रबर घाला आणि त्यांची तोंडे वस्तीकडे करू नका.

अॅम्प्लिफायरवरचा लाल दिवा सतत पेटत असेल तर आवाज मोठा न होता फाटत असतो. अशाच वेळी कोणीतरी मामा येऊन ‘वाढव रे’ म्हणतात. फाटलेल्या आवाजाने आधी कान दुखतात, मग टॉपमधला बारीक सुरांचा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जळतो. ९४ डेसिबलला तासभर, १००ला पाव तास, ही कानाला सुरक्षित मानली जाणारी मुदत आहे. तान्ही मुले आणि आजी-आजोबा यांच्या खुर्च्या स्पीकरसमोर मांडू नयेत. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे चार पावले मागे सरकूनही बराच फरक पडतो.

विजेकडे कोणी बघत नाही. १५ अँपिअरच्या एका सॉकेटमधून जेमतेम साडेतीन किलोवॉट मिळतात. त्यावरच सब, लाईट आणि केटररचे गिझर लावले की सर्किट पडते, तेही बरोबर नवरा-नवरी आत येताना, कारण सगळे दिवे त्याच क्षणी पेटवलेले असतात. साऊंड आणि लाईट वेगळ्या सर्किटवर हवेत, नाहीतर दिवे मंद-प्रखर होताना स्पीकरमध्ये घूंऽऽ असा आवाज येत राहतो. घरच्या अंगणातल्या कार्याला घरचा मीटर पुरत नाही, जनरेटरच हवा. वीज जाऊन जनरेटर लागेपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मिक्सर आणि कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर घेतात. एक किलोव्होल्टअँपिअरचा साधा यूपीएस फक्त या दोघांना लावला तर हे टळते. अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. ओल्या अंगणात माईक धरणाऱ्याला झटका बसतो तो यातूनच. एक्स्टेंशनची वायर गुंडाळीवरून पूर्ण उलगडावी, गुंडाळलेली वायर तापते. मेअखेरच्या सरी धरून जोड जमिनीपासून वीतभर वर बांधावेत. ताडपत्री वरून येणारे पाणी अडवते, खालून वाहणारे नाही.

धुराची यंत्रे आणि कोल्ड पायरो (ठिणग्यांची कारंजी) लावायला हॉलची परवानगी लागते, धुराने फायर अलार्म वाजतो. लेसर माणसांच्या डोळ्यांच्या पातळीवर फिरवू नये आणि मोपा-दाबोळी विमानतळांच्या परिसरात आकाशाकडे तर मुळीच नाही.

गाण्यांची यादी दोनशेची करून काही साधत नाही. डीजे एक गाणे साधारण अडीच मिनिटे वाजवून पुढे जातो, म्हणजे तासाला चोवीस. दीड तासाच्या नाचाला छत्तीस. त्यातली पंधरा तुमची हक्काची, बाकी त्याच्यावर सोडा. याहून उपयोगी यादी ‘हे वाजवायचे नाही’ अशी असते. घरातल्या मृत्यूची आठवण देणारे गाणे, पूर्वीच्या साखरपुड्याला लावलेले गाणे डीजेला कसे कळणार? संगीताच्या कार्यक्रमातले नाच असतील तर प्रत्येकाचा ट्रॅक क्रमांकासकट नाव देऊन दोन दिवस आधी द्या. व्हिडिओतून काढलेला आवाज मोठ्या स्पीकरवर डब्यातून आल्यासारखा वाटतो, म्हणून मूळ ३२० केबीपीएसची फाईल हवी. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेला द्या. डीजेची बरीचशी यंत्रे एनटीएफएस वाचत नाहीत आणि हे ऐनवेळी कळते. हॉलच्या वायफायवरून गाणी लावणाऱ्याला आधीच नाही म्हणा.

ख्रिस्ती घरच्या लग्नात बहुधा बँड असतो, एमसी म्हणजे सूत्रसंचालक असतो. टोस्ट, केक, पहिला नाच, ग्रँड मार्च या क्रमाचा सूत्रधार एमसीच. तिथे डीजे बँडच्या विश्रांतीत वाजवतो. दोघांचे सामान एकच असणार का, डीजेची लाईन बँडच्या मिक्सरला कोण जोडणार, त्या जोडणीला लागणारा डीआय बॉक्स कोण आणणार, हे आधी ठरले नाही तर पहिल्या विश्रांतीत पाच मिनिटे शांतता पसरते.

गाणी वाजवायला हक्कधारकांचा परवाना लागतो का, याचा गोंधळ गोव्यात जरा जास्तच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक विधीत गाणी वाजवणे हे उल्लंघन ठरत नाही, आणि विवाहाची मिरवणूक व विवाहाशी निगडित इतर सामाजिक सोहळे त्यात धरलेले आहेत. केंद्राच्या उद्योग खात्याने २४ जुलै २०२३ रोजी तशी सूचना काढली. गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ रोजी त्याच धर्तीचे परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. परिपत्रक गेले, कलम आहे तसेच आहे. मात्र हॉटेलातला कोणता सोहळा त्या कलमात बसतो यावर वाद होऊ शकतो, म्हणून परवान्याचे पैसे मागितले गेल्यास ते कोण भरणार हे हॉटेलकडून लेखी घ्या. वाढदिवस, निवृत्तीचा समारंभ, कंपनीची पार्टी यांना लग्नाची सूट नाही.

पावतीवर तारीख, वेळ आणि वाजवणाऱ्याचे नाव यांखेरीज सामानाची यादी, सामान लावून आवाज तपासून होण्याची वेळ (पाहुणे येण्याच्या किमान दोन तास आधी), जादा तासाचा दर, जनरेटरचे डिझेल कोणाचे, दुसरा लॅपटॉप आहे का, आणि डीजे आजारी पडला तर कोण येणार, एवढे हवेच. बयाणा पाव हिश्शाहून जास्त देऊ नये. घरच्या बाजूने डीजेशी बोलणारा एकच माणूस नेमा, शक्यतो न पिणारा.

सभागृहांचे मालक आणि देवस्थान समित्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत एक विनंती आहे. हॉल देताना पावतीसोबत एक कागद द्यावा. हॉल नियमाने बंदिस्त धरला जातो का, संगीत किती वाजता थांबवायचे, थ्री-फेज जोडणी आहे का, जनरेटर किती क्षमतेचा, स्टेजपासून सॉकेट किती अंतरावर, ध्वनिपरवान्याचा अर्ज कोणत्या कचेरीत करायचा, एवढे त्यावर छापलेले असावे. आज ही माहिती वॉचमनला असते, यजमानाला नसते, आणि आम्हाला ती टेम्पो गेटवर उभा राहिल्यावर मिळते.

आपले,
साऊंड व्यवसायातील काही वाचक,
फोंडा, गोवा